एका डेस्कटॉपला दोन-तीन मॉनिटर जोडायचेत? आधी कॅबिनेटची मागची बाजू बघा

दुसरा मॉनिटर घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेक जण थेट मॉनिटरच शोधायला लागतात, किती इंचाचा घेऊ, कर्व्ह घेऊ का फ्लॅट, कुठल्या कंपनीचा चांगला, आणि मॉनिटर घरी आल्यावर कळतं की कॉम्प्युटरला मागे जागाच नाही, किंवा जागा आहे पण वायर बसत नाही, किंवा वायर बसली तरी स्क्रीनवर आपलं नो सिग्नल. म्हणून हे सगळं मी उलट्या टोकाने सांगणार आहे, सुरुवात कॅबिनेटच्या मागून आणि मॉनिटर सगळ्यात शेवटी. माझं स्पष्ट मत आहे की यात मॉनिटर ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. खरं काम आहे ते ग्राफिक्सपासून, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागापासून, स्क्रीनपर्यंतच्या रस्त्याचं, आणि प्रत्येक मॉनिटरला असा एक स्वतःचा रस्ता लागतो. तो कुठल्या पोर्टमधून निघतो, कुठल्या केबलने जातो आणि मॉनिटरच्या कुठल्या पोर्टात शिरतो एवढं प्रत्येक मॉनिटरसाठी एका ओळीत कागदावर लिहिता आलं की पुढचं काम फारसं उरत नाही.

१. मागे काय काय आहे ते बघा

कॅबिनेट पुढे ओढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागच्या बाजूचा एक नीट फोटो काढून घ्या, दरवेळी वाकून बघायची गरज नाही. टॉवर कॅबिनेट असेल तर मागे साधारण दोन भाग दिसतील. वरच्या भागात एक उभी पट्टी असते जिथे यूएसबी, लॅनचं पोर्ट, ऑडिओचे गोल रंगीत पिन असं सगळं गर्दीने बसलेलं असतं, ही मदरबोर्डची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाची पट्टी. त्याच्या खाली आडव्या खाचा असतात आणि त्यातल्या एकदोन खाचांत फक्त डिस्प्लेचे पोर्ट ओळीने दिसत असतील तर तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. खाली नुसत्या पत्र्याच्या पट्ट्याच असतील तर कार्ड नाही, जे काय आहे ते प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स.

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. कार्ड बसवलेलं आहे पण मॉनिटरची वायर सवयीने वर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलेली असते, मग एकतर काहीच दिसत नाही किंवा दिसतं पण महागाचं कार्ड नुसतं आत बसून राहतं आणि गेम इनबिल्टवर रखडत चालतो. कार्ड असेल तर आधी सगळे मॉनिटर कार्डावरच लावा, वरच्या पट्टीकडे वळायचं ते कार्डावरचे पोर्ट संपले तरच.

आणि वरच्या पट्टीत एचडीएमआय दिसतंय म्हणजे ते चालेलच असं नाही बरं का. मदरबोर्डवरचे डिस्प्ले पोर्ट हे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतात, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल तर ते पोर्ट नुसतं भोक. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यांच्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. एएमडीमध्ये रायझन ५६०० मध्ये नाही आणि ५६००जी मध्ये आहे, पुढच्या ७००० सिरीजमध्ये डेस्कटॉपच्या बहुतेक प्रोसेसरात थोडंफार ग्राफिक्स दिलंय पण ७५००एफ सारख्या एफवाल्यांत नाही. तुमचा प्रोसेसर कोणता आहे ते बघायला विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की उजवीकडे वर पूर्ण नाव दिसतं. त्याच यादीत खाली जीपीयू ० , जीपीयू १ असं दिसेल, त्यावरून कार्ड कोणतं आणि इनबिल्ट चालू आहे का हेही कळतं.

२. किती मॉनिटर चालतील

पोर्ट किती आहेत आणि एका वेळी किती स्क्रीन चालतील हे दोन वेगवेगळे आकडे आहेत, आणि यातला जो लहान तो खरा. एनव्हिडियाच्या बऱ्याच जीफोर्स कार्डांवर जास्तीत जास्त ४ डिस्प्ले चालतात, काही कार्डांवर पोर्ट ५ असले तरी चालणार ४ च. उलट जीटी १०३० सारख्या छोट्या कार्डावर २ पोर्ट आणि २ च डिस्प्ले, एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचंही तसंच. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सवर २०१२ साली आलेल्या तिसऱ्या जनरेशनपासून ३ स्क्रीनची सोय आली आणि बाराव्या जनरेशनच्या यूएचडी ७७० वर ४ पर्यंत चालतात, पण मदरबोर्डवाल्याने मागे पोर्टच दोन दिले असतील तर ते ४ कागदावरच राहतात. तुमच्या कार्डाचं पूर्ण नाव टाकून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये मॅक्सिमम डिस्प्ले किंवा मल्टी मॉनिटर असं जे लिहिलेलं असतं तो आकडा बघायचा, दुकानाच्या जाहिरातीतला नाही.

नुसत्या ऑफिसच्या कामाला, ब्राउझर, एक्सेल, कोडिंग वगैरेला, तीन मॉनिटर लावले म्हणून भारी कार्ड लागत नाही, साध्या इनबिल्टवरही आरामात होतं. भार पडतो तो गेम तीन स्क्रीनवर पसरून खेळायला गेलात तर, कारण तिथे कार्डाला तिप्पट पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, प्रत्येक फ्रेमला रंगवावे लागतात. गेम एकाच स्क्रीनवर आणि बाजूच्या स्क्रीनवर चॅट किंवा व्हिडिओ असं असेल तर फरक अगदी किरकोळ.

३. पोर्ट ओळखा आणि केबल नीट निवडा

चार प्रकार भेटतील. व्हीजीए म्हणजे बहुतेक वेळा निळं, १५ भोकांचं, बाजूला दोन स्क्रू असलेलं, १९८७ पासूनचं आहे आणि अॅनालॉग आहे, चालतं पण अक्षरं जरा पुसट दिसतात. डीव्हीआय पांढरं रुंद असतं, १९९९ चं. एचडीएमआय सगळ्यांना माहीत आहे, टीव्हीला असतं तेच. आणि डिस्प्लेपोर्ट, जे एचडीएमआयसारखंच दिसतं पण एकच कोपरा कापलेला असतो. कॉम्प्युटर आणि मॉनिटरसाठी दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर मी तेच लावायला सांगेन, कार्डावर तेच जास्त असतात आणि जास्त रिफ्रेश रेटला (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) ते कमी त्रास देतं.

एक बारकी गोष्ट पण कामाची. बऱ्याच डिस्प्लेपोर्ट केबलच्या तोंडाला वर एक छोटं बटण असतं आणि त्याला जोडलेले दोन बारीक दात पोर्टात जाऊन अडकतात, केबल काढताना ते बटण पूर्ण दाबून मगच सरळ मागे ओढायचं. कार्ड खाली आडवं असतं, बोट नीट पोचत नाही, आणि मग लोक जोर लावून उपटतात आणि पोर्टच सैल होतं. हात पोचत नसेल तर कॅबिनेट वळवा, दोन मिनिटं जास्त जातील पण कार्ड वाचेल.

आता व्हर्जनचा भाग, हा जरा कंटाळवाणा आहे पण वाचा कारण पैसे इथेच वाया जातात. एचडीएमआय १.४ वर ४के (म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलचा) मॉनिटर लावला तर तो फक्त ३० हर्ट्झवर चालतो, चित्र येतं, सगळं येतं, पण माउस हलवला की कर्सर झटके देत, मागे रेंगाळत चालल्यासारखा वाटतो आणि माणसाला वाटतं मॉनिटरच खराब निघाला. ४के ६० हर्ट्झवर हवं तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, आणि ते कार्ड, केबल, मॉनिटर तिन्हीकडे लागतं, एक जरी जुनं असलं तरी सगळा रस्ता त्याच्या वेगाने. ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ कडे जावं लागतं. साध्या १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) ६० हर्ट्झच्या मॉनिटरला मात्र घरात पडलेली कुठलीही धड एचडीएमआय केबल चालते, त्याला उगाच महागाची घेऊ नका.

केबल गरजेपेक्षा लांब घ्यायची नाही. दोन मीटरपर्यंत सहसा काही प्रश्न येत नाही, त्यापुढे जसजशी लांबी आणि रिझोल्यूशन दोन्ही वाढतं तसं मध्येच स्क्रीन काळी होणं, ठिपके चमकणं असले प्रकार सुरू होतात. एचडीएमआय २.१ साठी घेत असाल तर पॅकवर अल्ट्रा हाय स्पीड असं सर्टिफिकेशनचं लेबल आणि स्कॅन करायचा कोड आहे का बघा, नुसतं ८के लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये आणखी एक घोळ असतो, २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते जी साध्या केबलमध्ये जोडलेली नसायला हवी, त्यातून मॉनिटरकडून कॉम्प्युटरकडे उलटा करंट जातो आणि मग पीसी बंद केल्यावरही आतले दिवे लागलेले राहतात किंवा पीसी धड सुरूच होत नाही. असं काही नवीन केबल लावल्यापासून व्हायला लागलं असेल तर पहिला संशय केबलवर घ्या.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघायची

कार्डावर डिस्प्लेपोर्ट आहे आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय, ही अगदी नेहमीची परिस्थिती, आणि सोपी पण. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल मिळते, एक टोक पीसीला आणि दुसरं मॉनिटरला, झालं. पण ही केबल एकाच दिशेने चालते. पीसीला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असं उलटं असेल तर तीच केबल फिरवून लावून काहीही होणार नाही, त्याला वेगळा अॅक्टिव्ह, म्हणजे आत चिप असलेला, कन्व्हर्टर लागतो ज्याला बहुतेक वेळा यूएसबीने पॉवर द्यावी लागते. घेताना पहिलं नाव कुठलं आहे ते वाचा, सहसा पहिलं नाव पीसीच्या बाजूचं असतं, तरी वर्णन पूर्ण वाचून खात्री करा. आणि ४के ६० हर्ट्झ हवं असेल तर डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआयमध्येही अॅक्टिव्ह लिहिलेला आणि ४के ६० स्पष्ट लिहिलेलाच घ्यायचा, साधे पॅसिव्ह वाले फार तर ४के ३० पर्यंत जातात.

जुना व्हीजीए मॉनिटर दुसरा स्क्रीन म्हणून वापरायचा असेल तर जरूर वापरा, मेल आणि चॅट उघडून ठेवायला तो छान आहे. फक्त नवीन कार्डांवर अॅनालॉग सिग्नलच येत नाही, एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून तो काढून टाकला, त्यामुळे डीव्हीआयला लावायचा तो जुना छोटा पांढरा जोड तिथे चालणार नाही, एचडीएमआय टू व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए असा आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल.

४. पोर्ट कमी पडत असतील तर

पहिली गोष्ट, एचडीएमआय स्प्लिटर घेऊ नका. स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन कॉप्या करतो, दोन्ही मॉनिटरवर तंतोतंत तेच दिसतं, वर्गात किंवा दुकानात टीव्ही लावायला ठीक आहे पण तुम्हाला कामाची जागा वाढवायची आहे आणि ते स्प्लिटरने होत नाही. हा प्रश्न इतके जण विचारतात आणि इतके जण आधी घेऊन बसतात की मुद्दाम आधी सांगितलं.

मग काय करायचं? कार्ड आहे आणि प्रोसेसरमध्येही इनबिल्ट ग्राफिक्स आहे, तर दोन्ही एकत्र वापरता येतात. बरेच मदरबोर्ड कार्ड लागलं की इनबिल्ट आपोआप बंद करतात, ते बायॉसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मदरबोर्डची सेटिंग) जाऊन चालू करावं लागतं. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, मग अॅडव्हान्स्ड किंवा चिपसेटच्या मेनूत आयजीपीयू मल्टी मॉनिटर किंवा इंटिग्रेटेड ग्राफिक्स अशा नावाचं काहीतरी सापडतं, ते ऑटोवरून एनेबल करायचं, सेव्ह करून बाहेर यायचं. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी आहेत म्हणून मदरबोर्डचं मॅन्युअल शेजारी उघडून ठेवा आणि तिथलं बाकी काही हलवू नका. मग तिसरा-चौथा मॉनिटर वरच्या पट्टीत लावता येतो. मी तरी तिथे फक्त मेल, डॉक्युमेंट असलं हलकं काम ठेवेन आणि गेम किंवा एडिटिंगची स्क्रीन कार्डावरच.

दुसरा मार्ग डेझी चेनचा. काही मॉनिटरना डिस्प्लेपोर्ट इन बरोबर डिस्प्लेपोर्ट आउटही असतं, मग पीसीतून एक केबल पहिल्या मॉनिटरला, पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याला, अशी साखळी करता येते. याला एमएसटी म्हणतात, डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आहे. पहिल्या मॉनिटरच्या मेनूत एमएसटी किंवा डीपी १.२ ऑन करावं लागतं आणि साखळीतल्या शेवटच्याला ऑफ ठेवायचं. एका १.२ च्या पोर्टमधून १०८०पी चे ४ किंवा १४४०पी चे २ मॉनिटर जातात, ४के ६० हर्ट्झ एकच. मॅकवर मात्र हे चालत नाही, तिथे साखळीतल्या स्क्रीन एकमेकांची कॉपी दाखवतात.

तिसरा, यूएसबीचा डिस्प्ले अडॅप्टर, डिस्प्लेलिंक चिपवाला. याला कार्डावरचा पोर्ट लागत नाही, ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा आणि यूएसबी ३ मध्ये लावायचा, प्रोसेसर चित्र कॉम्प्रेस करून यूएसबीतून पाठवतो. एक्सेलला, पीडीएफला उत्तम, गेम आणि फास्ट व्हिडिओला नाही. आणि मागे यूएसबी-सी दिसलं म्हणून त्यात मॉनिटर चालेल असं धरू नका, डेस्कटॉपच्या बऱ्याच यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्ले येतच नाही, मॅन्युअलमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लिहिलेलं असेल तरच.

५. आता जोडा

पीसी बंद करा, सगळे मॉनिटर बंद करा. चालू असताना एचडीएमआय लावली तर काही जळत नाही, पण एवढ्या वायरी ओढाताणीत करायच्या म्हणजे बंद असलेलं बरं, आणि नवीन कार्ड बसवणार असाल तर मुख्य स्विच बंद करून प्लगही काढायचाच.

मुख्य मॉनिटर आधी, एकटा लावा. पीसी सुरू करा, डेस्कटॉप दिसू द्या. मग दुसरा लावा, तो दिसला की तिसरा. सगळे एकदम लावले आणि एक चालला नाही तर कुठली वायर, कुठला पोर्ट, काहीच कळत नाही, एकेक करत गेलं की गडबड कुठे झाली ते तिथल्या तिथे सापडतं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी टेपचा तुकडा लावून डावा, मधला, उजवा असं लिहून ठेवा, पुढे कधी साफसफाईला सगळं काढलंत की याची किंमत कळेल. पॉवरचे प्लग पण आधी मोजा, तीन मॉनिटर, पीसी, स्पीकर, राउटर मिळून एक साधा एक्स्टेंशन बोर्ड सहज भरतो.

सुरू होताना कंपनीचा लोगो एकाच मॉनिटरवर दिसला तर घाबरू नका, तसंच असतं, बाकीचे विंडोज आल्यावर जागे होतात.

६. विंडोजमधली सेटिंग

विंडोजचं बटण आणि पी दाबा. उजवीकडे चार पर्याय येतील, त्यातलं एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, ते प्रोजेक्टरला. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं, पण पुढची दहा मिनिटं दिलीत तर रोजचा त्रास वाचेल.

डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. वर १, २, ३ नंबरचे चौकोन दिसतील. आयडेंटिफाय दाबा, प्रत्येक मॉनिटरवर त्याचा नंबर मोठ्ठा येईल. आता टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसेच हे चौकोन माउसने ओढून ठेवा. २ नंबरचा मॉनिटर प्रत्यक्षात डावीकडे असेल तर चौकोनही डावीकडे, नाहीतर माउस डावीकडे न्यायला उजवीकडे ढकलावा लागतो आणि डोकं फिरतं.

चौकोनांची उंची जुळवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे म्हणून जरा थांबून सांगतो. समजा डावीकडे २७ इंची ४के आहे आणि उजवीकडे २४ इंची १०८०पी. टेबलावर दोघांच्या उंचीत जेमतेम चार सेंटीमीटरचा फरक, पण सेटिंगमध्ये चौकोन पिक्सेलप्रमाणे काढलेले असतात, म्हणजे २१६० विरुद्ध १०८०, त्यामुळे ४केचा चौकोन दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट उंच दिसतो. माउस एका स्क्रीनमधून दुसरीत जातो तो फक्त जिथे दोन चौकोनांच्या कडा एकमेकींना टेकतात तिथूनच. लहान चौकोन वरच्या कडेला लावलात तर मोठ्या स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागातून माउस उजवीकडे जाणारच नाही, भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. तुम्ही जास्त वेळ कुठे असता ते बघा, टास्कबारजवळ माउस फिरत असेल तर खालच्या कडा जुळवा, ब्राउझरच्या टॅबजवळ असेल तर वरच्या. लावून झालं की अप्लाय, आणि माउस चारपाच वेळा इकडून तिकडे नेऊन बघा. विंडोज ११ मध्ये तिथेच खाली मल्टिपल डिस्प्लेजमध्ये ईज कर्सर मूव्हमेंट असं एक आहे, ते टिक केलं की कर्सर कडेला अडकणं बरंच कमी होतं.

मग ज्याच्यासमोर तुम्ही सरळ बसता तो चौकोन निवडून मेक धिस माय मेन डिस्प्ले टिक करा. प्रत्येक मॉनिटर निवडून स्केल बघा, २७ इंची ४केला १७५ टक्के आणि २४ इंची १०८०पीला १०० टक्के ठेवलं तर अक्षरं दोन्हीकडे साधारण एकाच मापाची दिसतात. नंतर अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन प्रत्येकाचा रिफ्रेश रेट तपासा, हे विसरू नका, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवत बसलेले खूप आहेत कारण विंडोज दरवेळी आपणहून वर नेत नाही. एखादा मॉनिटर उभा ठेवणार असाल तर ओरिएंटेशनमध्ये पोर्ट्रेट करा, कोड वाचायला आणि लांबलचक डॉक्युमेंटला उभी स्क्रीन फार सुखाची असते.

टास्कबार सगळ्या स्क्रीनवर हवा असेल तर पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्समध्ये शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज. मल्टिपल डिस्प्लेजमध्येच रिमेंबर विंडो लोकेशन्स चालू ठेवा म्हणजे मॉनिटर झोपून उठला की खिडक्या आपापल्या जागी परत येतात. आणि एकच शॉर्टकट पाठ करणार असाल तर हा करा, विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण, समोरची खिडकी थेट बाजूच्या मॉनिटरवर उडी मारते.

लिनक्सवर नोम डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज, तेच चौकोन, तीच ओढाओढ. एक ४के आणि एक १०८०पी असं मिश्रण असेल तर लॉगिन करताना वेलँड सेशन निवडा, वेगवेगळं स्केल तिथे नीट जमतं. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज, अरेंज. मॅक मिनी असेल तर किती स्क्रीन चालतात ते मॉडेलप्रमाणे बदलतं, एम१ वाल्यावर २, एम४ वाल्यावर ३.

७. टेबल आणि मान

२४ इंची मॉनिटर साधारण ५३ ते ५४ सेंटीमीटर रुंद असतो, २७ इंची ६० च्या पुढे. म्हणजे २४ चे दोन १२० सेंटीमीटरच्या टेबलावर बसतात, तीन बसत नाहीत. टेप घेऊन मोजा.

दोन मॉनिटर असतील तर दोघांच्या मधली फट नाकासमोर येईल असं ठेवू नका, दोन्ही अगदी सारखेच वापरत असाल तरच ते ठीक. नाहीतर मुख्य एक बरोबर समोर, हाताच्या अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि दुसरा त्याला चिकटवून थोडा आत वळवलेला. मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहिली की महिन्याभरात खांदा बोलायला लागतो. मॉनिटर आर्म घेणार असाल तर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं आहेत का बघा, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर, आणि वजन आर्मच्या मर्यादेत आहे का. काही स्वस्त मॉनिटरना ती भोकंच नसतात. नवीन घेतच असाल तर सारख्याच मॉडेलचे दोन घ्या असं माझं मत, रंग, उंची, कडा सगळं जुळतं आणि डोळ्यांना सारखं सारखं जुळवून घ्यावं लागत नाही. वेगवेगळे असतील तर निदान दोन्हीचा ब्राइटनेस पांढरं पान उघडून शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

८. दिसत नसेल तर

क्रमाने बघा. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणाने इनपुट सोर्स बरोबर आहे का, वायर डिस्प्लेपोर्टला आणि सोर्स एचडीएमआय १ वर असं फार वेळा असतं. मग केबल दोन्ही टोकांना काढून परत दाबून बसवा. मग चालणाऱ्या मॉनिटरची केबल आणि पोर्ट न चालणाऱ्याला लावा, चालला तर मॉनिटर चांगला आहे आणि केबल किंवा पोर्टमध्ये घोळ आहे, नाही चालला तर मॉनिटर किंवा त्याचं सेटिंग. या एका अदलाबदलीत जेवढं कळतं तेवढं तासभर सेटिंग चाळून कळत नाही. मॉनिटरचा पॉवर प्लग काढून अर्धा मिनिट थांबून परत लावणं, हाही उपाय डिस्प्लेपोर्टवाल्यांना खरंच लागू पडतो.

हार्डवेअर ठीक असून विंडोजला दिसत नसेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मल्टिपल डिस्प्लेज, डिटेक्ट. ग्राफिक्सचा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून ताजा टाका, टास्क मॅनेजर किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसत असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि त्यावर दुसरी स्क्रीन चालायची नाही. स्क्रीन मध्येच गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ड्रायव्हर रिस्टार्ट होतो, उघडी कामं तशीच राहतात.

एखादी खिडकी काढून टाकलेल्या मॉनिटरवरच अडकली आणि टास्कबारवर दिसते पण समोर येत नाही, असं झालं तर टास्कबारवर तिला क्लिक करून ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि आता माउस हलवा, खिडकी माउसला चिकटून आत येते, हवी तिथे क्लिक करून सोडा.